तेलातील नववा कार्बन

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके असून, त्यांपैकी सोयाबीन व सरकीच्या तेलाचा विचार बहुधा स्वयंपाकापुरताच होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र या तेलांचे मोल त्यांच्या रेणूंतील दुहेरी बंधांत आहे. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. सोयाबीन तेलातील ऑलेइक आम्लात एक, लिनोलेइकमध्ये दोन व लिनोलेनिकमध्ये तीन दुहेरी बंध असले, तरी आम्लाच्या टोकापासून मोजल्यास तिघांतही पहिला बंध नवव्या कार्बनापाशीच येतो, कारण वनस्पतीतील विकर तो तेथेच घालते.

या बंधाचा उपयोग करून घेणारी अभिक्रिया म्हणजे अल्कीन मेटाथेसिस: दुहेरी बंध असलेले दोन रेणू धातूच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्या बंधाशी दुभंगतात आणि त्यांचे अर्धे भाग नव्याने जोडले जातात. तिची यंत्रणा इव्ह शोव्हँ यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि मोलिब्डेनमचे उत्प्रेरक घडवणारे रिचर्ड श्रॉक व रुथेनियमचे उत्प्रेरक घडवणारे रॉबर्ट ग्रब्ज यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेलाच्या मिथाइल एस्टरांवर एथिलीन वायूची अशी अभिक्रिया घडवली, की तिन्ही मेदाम्लांपासून मिथाइल ९-डिसेनोएट हा एकच दहा कार्बनी आम्लाचा एस्टर मिळतो. उरलेल्या तुकड्यांपैकी ऑलेइकपासून येणारे १-डिसीन कृत्रिम वंगणांसाठी वापरले जाते. संपृक्त मेदाम्ले, जी सरकीच्या तेलात सुमारे चतुर्थांश असतात, या अभिक्रियेत भागच घेत नाहीत.

खरी अडचण तेलाच्या शुद्धतेची आहे, कारण खवट होऊ लागलेल्या तेलातील पेरॉक्साइडे महागड्या रुथेनियमला निष्क्रिय करतात. इंडोनेशियातील ग्रेसिक येथे एलेव्हान्स व विल्मार या कंपन्यांनी पामतेलावर हीच अभिक्रिया करणारा मोठा कारखाना उभारला. परंतु खनिज तेलापासून स्वस्तात बनणाऱ्या मालाशी स्पर्धा करण्यापेक्षा अल्प प्रमाणात लागणाऱ्या, पण किमती पदार्थांकडे वळणे अधिक शहाणपणाचे दिसते.

कामगंध सापळ्यांतील गंधद्रव्ये हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या मादी पतंगाच्या कामगंधातील मुख्य घटक चौदा कार्बनी साखळीचा असून त्याचा दुहेरी बंध नवव्याच कार्बनापाशी असतो. म्हणून डिसेनोएटचे अल्कोहोल व त्याचे ॲसिटेट करून, त्याची १-हेक्सीनशी मेटाथेसिस घडवली की तो तयार होतो. मात्र बंधाच्या दोन्ही बाजूंचे भाग एकाच अंगास यावे लागतात, आणि तशी निवड करणारे उत्प्रेरक गेल्या दोन दशकांतच हाती आले. समुद्रपूरच्या कापूस उत्पादकाला ज्या गुलाबी बोंडअळीची धास्ती असते, तिच्या कामगंधात मात्र बंध सातव्या व अकराव्या कार्बनापाशी असतात, त्यामुळे त्याच्याच शेतातील सोयाबीनच्या तेलापासून तो इतक्या सरळ मार्गाने मिळत नाही.