माळावर कोणतं काडतूस चालतं?

टेक्सासमधला माझा चुलतभाऊ पूर्वी फोनवर क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सबद्दल बोलायचा. आता काडतुसांबद्दल बोलतो. गावाबाहेर घर घेतलं, शेजारी शेळ्या पाळणारा निघाला, त्याच्या शेळ्यांवर कायोटी येतात, आणि त्या शेजाऱ्याच्या नादाने आमच्या दादाने चक्क रायफल घेतली. जन्मात उंदीर मारला नाही असा हा माणूस! 'अगं, रायफल निवडणं सोपं असतं,' तो मला ऐकवत होता. 'खरा अभ्यास गोळीचा.'

आता हा अभ्यास तुम्हीही ऐकाच, कारण प्रकरण वाटतं तेवढं बाष्कळ नाही. तिकडे कायोटीसाठी सगळ्यात जास्त चालतं ते .२२३ रेमिंग्टन. स्वस्त, कुठेही मिळतं, धक्का कमी. गोळी साधारण ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पाच रुपयाच्या नाण्याहूनही हलकी. पण सुटते सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या पुढे. मोकळ्या मैदानात लांबचा नेम असेल तर .२२-२५०, ते सेकंदाला अकराशे मीटरपर्यंत जातं. वारा असेल तर .२४३ विंचेस्टर, कारण त्याची गोळी जड आणि जड गोळी वाऱ्याने कमी ढळते. २००४ साली आलेलं .२०४ रुगर म्हणजे या घराण्यातलं चपळ शेंडेफळ.

आणि मग गोळीचं टोक. ज्याला कातडं विकायचंय त्याला आत शिरून आतच फुटणारी गोळी लागते. ती पलीकडून बाहेर पडत नाही, त्यामुळे फरला मोठं भोक पडत नाही. ज्याला कातड्याशी देणंघेणं नाही, तो जरा दणकट गोळी घेतो. पूर्ण तांब्याच्या वेष्टनातली लष्करी धाटणीची गोळी मात्र या कामाची नाही म्हणतात. ती आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत राहतं. शिवाय दगडावर आपटून उलटीही फिरते. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे. मेलेल्या जनावरात उरलेलं शिसं खाऊन तिथली काँडर गिधाडं मरायला लागली होती. (आपली गिधाडं डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने गेली. गोळी दोन्हीकडे निघाली, प्रकार वेगळा.)

फोन ठेवल्यावर मला प्रश्न पडला तो भाषेचा. कायोटीला मराठीत काय म्हणायचं? कोल्हा म्हणावं तर तो मोठा, लांडगा म्हणावं तर लहान. आपल्या माळावर ही अख्खी फॅमिली नांदते: लांडगा, कोल्हा आणि सगळ्यात छोटी खोकड. मग शेळ्या-मेंढ्यांवर येणारा आपला 'कायोटी' कोण? लांडगाच. त्याच्यासाठी आपल्याकडे कोणतं काडतूस चालतं, हे बघायला मी शनिवारी पहाटे कर्जतला निघाले.

लोकलवालं कर्जत नव्हे हं! धबधबे, फार्महाऊस आणि वडापाववालं ते वेगळं. हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमधलं. पुण्याहून सोलापूर हायवे धरायचा, भिगवणला डावीकडे वळायचं, भीमा ओलांडायची की राशीन लागतं. तिथल्या देवीच्या देवळातल्या हलत्या दीपमाळा बघून घ्या. तिथून कर्जत, आणि कर्जतच्या जवळच रेहेकुरी. मुंबईकरांनी नगरवरून मिरजगावमार्गे यावं. अष्टविनायकातलं सिद्धटेकही याच तालुक्यात, त्यामुळे आईबाबांना 'दर्शनाला जातेय' असं सांगायची सोय आहे.

रेहेकुरीचं अभयारण्य १९८० सालचं, आणि केवढं? जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. मोठ्या आयटी पार्कएवढं म्हणा ना! पण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात पिवळ्या गवतातून काळविटाचा नर मान वर करतो तेव्हा आकार-बिकार विसरायला होतं. वरून काळाकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळाची. माद्या आणि पिल्लं बदामी. मध्येच एखादी मादी विनाकारण स्प्रिंग लावल्यासारखी उडी मारते, मग कळपातल्या सगळ्याच मारतात. हा प्राणी ताशी ऐंशी किलोमीटरने पळू शकतो, आणि तसा पळायला शिकला तो माळावरच्या शिकाऱ्यांमुळे. चित्ता गेला. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये मारलेले तीन हे भारतातले शेवटचे नोंदले गेलेले चित्ते. (आता कुनोत आफ्रिकेतून आणलेत, २०२२ पासून.) उरला लांडगा.

आणि तो काही आपोआप उरला नाही. इंग्रजांच्या काळात लांडगा मारून आणला की सरकार रोख बक्षीस द्यायचं. महेश रंगराजन या पर्यावरणाच्या इतिहासकारांचा अंदाज असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांवर वाघ मारले गेले आणि लांडगे सुमारे दोन लाख. वाघाचा फोटो भिंतीवर लागला. लांडग्यावर पाय ठेवून कुणी फोटो काढला नाही. आज देशात लांडगे उरलेत अंदाजे तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. तरी 'लांडगा वाचवा' असा टी-शर्ट तुम्ही कधी पाहिलाय?

काडतुसाच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर एका ओळीचं आहे: कोणतंही चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, लांडगा त्याच्या पहिल्या परिशिष्टात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही तिथेच आला. मारलात तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. नीलगाय आणि रानडुकरांनी पिकांची नासाडी केली तर परवानगी काढून मारायची वाट सरकारने २०१५ मध्ये मोकळी केली, पण ती या दोघांपुरती.

बंदुका मात्र नाहीत असं नाही. पीक-संरक्षणासाठी परवाना मिळतो, आणि गावात कुणाकडे तरी वडिलोपार्जित बारा बोअर असते. तिची काडतुसं छर्ऱ्यांच्या आकारावरून ओळखायची: मोठ्या छर्ऱ्यांची एलजी, एसजी, बारीक बीबी. परवान्यावर रायफल घेतली तर बहुतेकदा .३१५. तिची गोळी २४४ ग्रेनची, दादाच्या गोळीच्या चौपटीहून जड आणि चालीला बरीच संथ. त्या काडतुसाच्या बुडाशी 'केएफ' असा शिक्का असतो. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना! हिंजवडीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? एका बंदूकवाल्या आजोबांना मी विचारलं, वापरता का? 'हवेत बार काढतो दिवाळीआधी, ज्वारीत डुकरं घुसली की,' ते म्हणाले. 'काडतूस महाग झालंय. फटाका परवडतो.'

पण खरी गोष्ट बंदूकवाल्यांची नाहीच. ती वाघुरीच्या आत झोपणाऱ्यांची आहे.

वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवती रात्री लावायचं जाळं. कर्जतच्या बाहेर एका नांगरलेल्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. शेतकऱ्याने खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती, त्याचे पैसे आणि थोडं धान्य ठरलेलं. एका घोड्यावर सगळा संसार, जाळ्यात मेंढरं, जाळ्याबाहेर चार कुत्री आणि काळी घोंगडी पांघरलेली माणसं. चोंडी इथून जवळच, जामखेड तालुक्यात. १७२५ मध्ये तिथल्या धनगराच्या घरात जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला आहे. समाजाचा वाडा मात्र अजून रानोमाळ फिरतोच आहे.

मामांना विचारलं, लांडगा येतो का? 'येतो की. आमच्या आदी आमच्या मुक्कामाला पोचतो त्यो,' ते हसले. 'कोकरू धरलं की मान पकडतो आन्‌ पाठीवर टाकल्यागत घिऊन पळतो. वर्साला पाच-सात जात्यात.' राग येत नाही? 'येतो. पन त्याचंबी पोट हाय ताई. म्हातारी म्हनायची, त्याचा वाटा काढूनच मोजावं.'

हे ऐकून शहरी माणसाचे डोळे पाणावतात आणि इन्स्टासाठी कॅप्शन तयार होतं. थांबा जरा. पाच-सात कोकरं म्हणजे या कुटुंबाचे कित्येक हजार रुपये. मेंढी मेली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला मेलेलं जनावर जागेवर लागतं. लांडगा तर कोकरू घेऊन पसार झालेला! शिवाय अर्ज मंजूर होईपर्यंत वाडा तीन तालुके ओलांडून गेलेला असतो. मामांनी आजवर किती वेळा भरपाई घेतली? 'येकदा पन न्हाय.' म्हणजे लांडग्याला जगवायचा खर्च तुम्ही-आम्ही टॅक्समधून नाही, हा माणूस कोकरातून भरतोय. मामांची सून चहा गाळता गाळता म्हणाली, 'रातभर जागायचं कुनी, ते बी लिवा.' तिची पाळी रात्री दोनपासून पहाटेपर्यंतची होती.

कुणाची सहनशक्ती संपतेही. मग बंदूक लागत नाही. मेलेल्या मेंढीवर पिकावर फवारायचं औषध टाकलं की झालं. किंवा पिल्लं असलेल्या बिळात धूर. आवाज नाही, पुरावा नाही, आणि मरतो तो फक्त लांडगा नाही, ते मढं खाणारं कुत्रं, कोल्हा, घार सगळेच मरतात.

दादाच्या देशात हे काम उघड चालतं. तिथल्या कृषी खात्याचा एक विभागच दर वर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतो, हौशी शिकारी वेगळे. आणि परिणाम? कायोटी शंभर वर्षांत पश्चिमेच्या मैदानांतून पसरत जवळजवळ अख्ख्या उत्तर अमेरिकेत पोहोचला, शिकागोसारख्या शहरातही राहायला लागला. त्याला जागा रिकामी करून दिली ती माणसांनी संपवलेल्या लांडग्यांनी! एवढी उत्तम काडतुसं असून दादाचा शेजारी हल्ली राखणीला कुत्री पाळायच्या विचारात आहे. मामांकडे चार आहेत.

नगर जिल्ह्यात जंगली जनावरावर रीतसर झाडली जाणारी 'गोळी' बहुतेकदा वेगळीच असते: बेशुद्ध करणारी डार्ट. विहिरीत पडलेला किंवा घरात शिरलेला बिबट्या असला की पशुवैद्य येतात. औषध साधारणपणे केटामिन आणि झायलाझिन, मात्रा जनावराच्या वजनावर. आणि ते वजन अंधारात, टॉर्चच्या उजेडात, नजरेने ठरवायचं. कमी पडलं तर चिडलेला बिबट्या अंगावर, जास्त झालं तर मेलेला. अंतर जेमतेम वीस-तीस मीटर, आणि मागे मोबाइल उगारून उभं असलेलं गाव. कायोटीवाल्यांची वाऱ्याची गणितं यापुढे मला फारच लाडाची वाटली.

लांडग्याचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र धनगर नाहीच, असं माझं मत झालं. कुकडीचा कालवा आला आणि माळाच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला दोष कसा देणार, दुष्काळात होरपळलेला तालुका हा! पण उसात बिबट्या राहू शकतो, लांडगा नाही. अकोल्याच्या उसात तो राहतो हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवलंच आहे. लांडग्याला मोकळं गवत लागतं, आणि सरकारी कागदावर गवताळ माळाचं नाव 'पडीक'. मग त्यावर कुठे झाडं लावून सत्कार होतात, कुठे सोलर पॅनेल, कुठे एमआयडीसी. उरलेल्या तुकड्यांत भटकी कुत्री घुसतात, रोग देतात, आणि लांडग्यांशी संकरही होतो. पश्चिम महाराष्ट्रात तसा संकर जनुकीय तपासणीत सापडलाही आहे.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सूर्य उगवायच्या आत पोहोचा, नऊनंतर काळवीट सावलीत बसतात आणि तुम्हालाही बसावंसं वाटतं. गाडी माळात घालू नका, कळपामागे पळवणं तर अजिबात नको. लांडगा दिसेलच याची गॅरंटी नाही. मला दिसले ते फक्त धुळीतले ठसे. दुपारी कर्जतमध्ये कुणाच्या घरी ओळख निघाली तर हुलग्याचे शेंगोळे मागून खा, हॉटेलात ते मिळतीलच असं नाही. मेंढरांचा वाडा दिसला तर आधी लांबूनच हाक द्या, कुत्री शहरी माणसाला ओळखत नाहीत. फोटो विचारून काढा. आणि लेन्स ३०० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. काळवीट बऱ्यापैकी माणसाळलेत, चिंकारा नाही.