बटणाचा धडा

आम्हां प्राध्यापकांचें निम्में आयुष्य गुण देण्यांत जातें. शंभरांपैकीं अमुक, असें एकदां लिहिलें कीं त्या विद्यार्थ्याविषयीं जाणण्यासारखें सारें जाणलें, अशी आमच्या धंद्याची श्रद्धा आहे. या श्रद्धेला न जुमानणारी एक विद्या मला किहीमच्या एका ओसरीवर पाहावयास मिळाली. आणि तीही माझ्या पुतणीकडून, जिला मीं बोट धरून चालावयास शिकविलें!

ही पुतणी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकविणें हें तिचें काम. मे महिन्याच्या सुटींत आम्ही किहीमला राहिलों, तेव्हां शेजारच्या वाडींतील नऊ वर्षांच्या एका मुलाकडे ती रोज सकाळीं जाई. तिच्या मागोमाग मीही जाईं. पहिले चार दिवस तिनें कांहींच शिकविलें नाहीं. मुलगा कोणता हात आधीं पुढें करतो, कोणाची हांक ऐकतो, कशानें बिचकतो, एवढेंच ती वहींत टिपून ठेवी.

"काका, त्याला काय येत नाहीं तें सगळा गांव सांगतो. काय येतं, तें मला बघायचंय," ती म्हणाली.

किहीमला असें पाहत बसण्याची परंपरा आहे. १९३० सालीं, हातची नोकरी गेलेली असतांना, सलीम अली याच गांवीं सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळीत बसले होते. नर अर्धवट घरटें विणून थांबतो, मादी तें तपासून पसंत करते, मग तो तें पुरें करतो, आणि एक घर वसलें कीं दुसरें विणावयास घेतो, हें त्यांना कळलें तें ग्रंथांतून नव्हे, पाहून. पक्ष्यासाठीं दाखविलेला हा धीर आपण विद्वत्ता म्हणून गौरवितों, तोच मुलासाठीं दाखविला कीं लोक विचारतात, "बाई शिकवायला कधीं लागणार?"

पांचव्या दिवशीं सदऱ्याच्या बटणाचा धडा सुरू झाला. काठ धरणें, बटण चिमटींत घेणें, तें काजांत घालणें आणि पलीकडून ओढणें, अशा पायऱ्या तिनें पाडल्या; पण आरंभ केला तो शेवटच्या पायरीपासून. बाकी सारें तिनें करावें आणि अर्धें बाहेर आलेलें बटण तेवढें त्यानें ओढावें. काम पुरें केल्याचा आनंद शेवटींच असतो, आणि तो पहिल्याच दिवशीं त्याच्या पदरांत पडावयास हवा. तें जमलें कीं एक पायरी मागें सरावयाचें. आमचीं पाठ्यपुस्तकें पहिल्या प्रकरणापासून सुरू होतात; शेवटापर्यंत न पोंचलेल्यांना आम्ही नापास म्हणतों.

मुलाची आई पांढऱ्या कांद्यांच्या माळा गुंफतां गुंफतां हें पाही. एकदां तिनें विचारलें, "ताई, बटण लावून पुढं काय व्हायचं?" प्रश्नांत उपहास नव्हता, भय होतें. आपल्यामागें याचें कोण करील, हाच तो प्रश्न. पुतणीनें खोटी आशा दाखविली नाहीं. "पुढं आंघोळ, मग दुकानांतून सामान. जेवढं त्याचं त्याला येईल, तेवढं दुसऱ्याकडे मागणं कमी होईल."

अशाच काळजींतून मुंबईस १९४४ सालीं जय वकील शाळा निघाली. वकील दांपत्यानें ती आपल्या मुलीसाठीं काढली. पुढें २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारचीं दिव्यांगत्वें मान्य केलीं, आणि २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा असें सांगितलें. हा आंकडा कोरडा वाटतो. पण एका मुलाकडे चार दिवस नुसतें पाहत बसण्याची सवड याच आंकड्यांतून मिळावयाची असते. वर्गांत चाळीस मुलें बसविलीं कीं पाहणें संपतें आणि मोजणें सुरू होतें.

महिनाअखेर चारांपैकीं दोन पायऱ्या त्याला साधल्या. आम्ही निघालों त्या सकाळीं आईनें त्याच्या सदऱ्याचीं चार बटणें लावलीं, पांचवें मुद्दाम काजाच्या तोंडाशीं ठेवलें, आणि ती कांद्यांकडे वळली.