रात्रीची कानस

जवारी गेली की तानपुरा मुका होत नाही, तुसडं बोलायला लागतो. खर्ज छेडला की टण्ण करून गप्प. गेल्या पावसाळ्यात सांगलीहून एक गाणाऱ्या बाई असाच एक तानपुरा घेऊन आमच्या मिरजेच्या दुकानात आल्या. गवसणी काढली आणि मी सवयीनं घोडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. हात दादांचा होता.

दादा म्हणजे माझे आजोबा. जाऊन अकरा वर्षं झाली.

घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला इतका बारीक उतार असतो की डोळ्याला कळत नाही, नखाला कळतो. तार या उतारावरून घासत, रेंगाळत सुटते, म्हणून तानपुऱ्याला आस येते; हीच जवारी. तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवत गेलं की एका जागी तार एकदम उमलते आणि खर्जातून कुणीच न छेडलेला गांधार ऐकू येतो. ती जागा उतारात असावी लागते. कानस एक हात जास्त फिरली की ती गेली. मग सगळी घोडी घासून नव्यानं सुरुवात. कानस कधी थांबवायची, असं मी लहानपणी विचारलं तर दादा म्हणायचे, “कानस तुझ्या हातात आहे, मला काय विचारतोस?”

आमच्या गल्लीतल्या जुन्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. दीडेकशे वर्षांपूर्वी ते वाद्यांकडे वळले. धार लावणारा हात जवारीला बरा, असं दादा अभिमानानं सांगायचे. तरुणपणी त्यांनी सांबरशिंगाच्या घोड्या घासल्या होत्या. शिंग घासताना असा वास सुटायचा की आजी त्यांना परसात हाकलायची. १९७२चा वन्यजीव कायदा आला, शिंग गेलं, मग हाड, शिसवी, पुढे फायबर. फायबर त्यांनी शेवटपर्यंत नाक मुरडूनच घासलं. “याला वासच नाही,” म्हणायचे. आजीचं मत वेगळं होतं.

तानपुऱ्याचे भोपळे आणायला दादा मंगळवेढ्याकडे जात. शेतकऱ्याच्या ओट्यावर चहा झाल्याशिवाय भावाचं बोलणं नाही. टिचकी मारून पाहायचे, पण घ्यायचे तो बहुतेक वेळा दिसायला देखणा असलेला. याबद्दल अब्बा आणि त्यांचं कधी जमलं नाही.

गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची मजार आमच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. उरुसात तिथं गाणं असतं. दादा मागं भिंतीला टेकून रात्रभर बसत. पहाटे घरी आल्यावर कोण कोण गायलं विचारलं तर, “डावा तानपुरा उतरला होता,” एवढंच.

म्हातारपणी कान जातो तो आधी बारीक, वरच्या आवाजांना. जवारीचं सगळं सुख त्याच आवाजांत. दादांना ती ऐकू येईना, म्हणून ते घोडी आणखी घासत, जवारी आणखी खुली करत. त्यांना गोड लागेपर्यंत आम्हाला ती पत्र्यासारखी झणझणायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. कुणी त्यांना तोंडावर सांगितलं नाही. दादा झोपले की अब्बा दिवा खाली घेऊन बसत, तारा सैल करत, सगळी घोडी हलक्या हातानं पुन्हा जुळवत. मी उशीत तोंड घालून कानशीचा आवाज ऐकायचो.

एका सकाळी दादांनी तयार तानपुऱ्याच्या घोडीवर नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. अब्बा दाराशी उभे होते. दादांनी चहा मागितला. त्या दिवसानंतरही ते काम करत राहिले, आणि रात्री अब्बाही.

बाईंचा तानपुरा मात्र अब्बांच्या हातातून सुटलेला. त्या तेव्हा घाईत होत्या, संध्याकाळीच घेऊन गेल्या होत्या. त्यांचं गाणं या तानपुऱ्यावरच बसलेलं. तारांनी आता घोडीवर खाचा पाडल्या होत्या. दादांचा उतार घासून काढल्याशिवाय इलाज नव्हता. बाई म्हणाल्या, “जशी होती तशीच करून द्या. दुसऱ्या तानपुऱ्यावर मला एकटं वाटतं.”

मी तीन आठवडे गवसणी उघडली नाही. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा लाकूड दमट आहे म्हणून सांगितलं. मग एका दुपारी बसलो. खाचा गेल्या, उतार आला, धागा घातला, गांधार बोलला. माझ्या कानाला उत्तम जवारी. दादांची नव्हे. आणखी चार हात मारले. कान नको म्हणत होता.

अब्बा आता पंचाहत्तरीचे आहेत, दुकानात येऊन नुसते बसतात. मी तानपुरा त्यांच्याजवळ नेऊन छेडला. त्यांनी डोळे मिटले.

“अजून बंद आहे,” म्हणाले. “अजून थोडी खोल.”

बापाचा हात आठवून म्हणाले की त्यांचाही कान गेलाय, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी कानस उचलली.