ओट्यावर मांडलेली मुखपृष्ठं

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. इथल्या विडी कामगार महिलांच्या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचं नाव आहे. सुमारे १०,००० घरांच्या या वसाहतीचं उद्घाटन २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. गोदूताई वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या, तशाच ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या लेखिका. या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण मी ज्यांना विचारलं त्यांना गोदूताई ठाऊक होत्या, पुस्तक नव्हतं.

म्हणून एका रविवारी ते पुस्तक आणि सोबत आणखी पिशवीभर पुस्तकं घेऊन गेलो, आणि एका घराच्या ओट्यावर ती मांडली.

समोर बायका विड्या वळत बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, आपसातलं बोलणं तेलुगूत. हात मोकळे नव्हते, त्यामुळे पुस्तक उचलून चाळणं नाही की पाठीमागचा मजकूर वाचणं नाही. जे काही ठरवायचं ते लांबूनच आणि चित्रावरून. दुकानातलं गिऱ्हाईक तरी याहून वेगळं काय करतं?

‘श्यामची आई’च्या मी मुद्दाम निरनिराळ्या आवृत्त्या नेल्या होत्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे पुस्तकावरचा हक्क संपतो. गुरुजी १९५० साली गेले. म्हणजे २०११पासून कुणीही ते छापावं. छापलंही अनेकांनी. मजकूर तोच, चेहरे मात्र वेगवेगळे. एका आवृत्तीवर आई, मुलगा, कौलारू घर, माड, समई आणि कोपऱ्यात गुरुजींचा फोटो, शिवाय आईच्या डोळ्यांत पाणी. दुसरीवर नुसत्या दोन आकृत्या, बाकी कागद मोकळा.

एक आजी गर्दीच्या चित्राकडे बघून म्हणाल्या, “ही बाई आधीच रडायलीय. मग आत काय ऱ्हायलं?”

मुखपृष्ठावर मी इतकं नेमकं परीक्षण वाचलेलं नाही. सगळं बाहेरच सांगून टाकलं तर पान उलटायचं कशाला! सत्यजित राय सिनेमाकडे वळण्याआधीपासून सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करत. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तकाच्या बंगाली अनुवादासाठी त्यांनी वाघ काढलाच नाही. पुढून मागपर्यंत फक्त त्याचं पट्टेदार कातडं, एका बाजूला गोळी शिरल्याचं भोक, दुसऱ्या बाजूला ती बाहेर पडल्याचं. शिकार झाली एवढं कळतं, कशी झाली ते आत.

आपल्याकडे १९१६ साली मडगावला जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मराठी पुस्तकांना रंग दिला. त्यांचा ‘दीपावली’ अंक १९४५पासून निघू लागला. वसंत सरवट्यांचा मार्ग निराळा. पुलंच्या पुस्तकांना त्यांनी रंगापेक्षा तिरकस रेषा दिली. मला स्वतःला सरवटे जवळचे. ओट्यावर मात्र पोरांनी आधी दलालांचीच चित्रं धरली. लांबून रंग जिंकतो, हे मान्य करायला हवं.

दलालांचं मुखपृष्ठ असलेलं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं. मी ते वाचलं तेव्हा मुखपृष्ठ नव्हतंच. वाचनालयाच्या प्रतीला खाकी पुठ्ठा आणि पाठीवर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. बाइंडरने वेष्टन फाडून फेकलेलं. गावोगावच्या वाचकांनी अशीच बिनचेहऱ्याची पुस्तकं वाचली आहेत, आणि चित्रकाराचं नाव तर वेष्टनासोबतच गेलं.

वाचनालय चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: पुस्तक बांधायला देताना जुनं मुखपृष्ठ आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगा. खर्च थोड्या खळीचा आहे.