आजोबांची गुप्ती

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी जुनी गुप्ती पडून असेल. वरून साधी काठी, मूठ ओढली की आतून पातं! आमच्या घरी आहे. "पेशवाईतली बरं का," असं आजोबा सांगत आणि आम्ही माना डोलवीत असू.

धाकट्या भावाला विहिरीसाठी पैसे हवे होते. पेशवाईतली म्हणून घ्यायला एक गिऱ्हाईक तयार झालं. द्यायच्या आधी मुठीखालचं चांदीचं कडं फडक्यानं पुसलं, तर बारीक शिक्के दिसले : चालता सिंह, नांगर आणि एक अक्षर. नांगर आपल्या शेतातला नव्हे, जहाजाचा!

जाणकाराला दाखवलं. सिंह म्हणजे अस्सल चांदी, नांगर विलायतेतल्या बर्मिंगहॅमचा, अक्षर सालाचं. १८९० पर्यंत तिथं कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचं मस्तकही उमटवीत. आमच्या कड्यावर ते नाही, म्हणजे कडं त्यानंतरचं. पेशवाई तर १८१८ सालीच बुडाली. कडं मागाहून बसवलं असेल म्हणून खालचं लाकूडही पाहिलं. जुन्या कड्याचा वळ नव्हता.

गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं. ते उठून गेलं. धाकटा चार दिवस बोलला नाही. आई तेवढी म्हणाली, "खोट्यानं आणलेलं पाणी पिकाला मानवत नाही, बाबा."

तुमच्याकडे गुप्ती असेल तर चिंच-राखेनं घासू नका, शिक्के झिजतात. कायद्यानं ती शस्त्र आहे. परवान्याचं पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि आजोबांची गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण शिक्का दाखवून.