मागणं नेमकं असावं

कुणाकडे काही मागायचं तर आधी त्याचा वेळ मागावा लागतो. परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचे दिवस आले की प्राध्यापकांना हे फार जाणवतं. पेपर तपासणी ऐन रंगात असते आणि त्यातच शिफारसपत्रांसाठी मेलवर मेल येत राहतात. विषयाच्या जागी नुसतं ‘विनंती’. आत तब्येतीची चौकशी, शिकवण्याची तोंडभरून स्तुती, शाळेपासूनची सगळी वाटचाल आणि अगदी तळाशी ‘योग्य ते सहकार्य व्हावं’. नेमकं काय हवं, कधीपर्यंत हवं, हे शोधणं वाचणाऱ्याच्या गळ्यात. मुलं मनापासून लिहितात, यात शंका नाही. पण आदर म्हणजे आदरार्थी शब्द, ही समजूत त्यांना आपणच दिली आहे.

मायना काय लिहावा, या पेचात पडून चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. त्या कोऱ्या कागदाला 65 ओव्यांचं उत्तर मिळालं. असा वाचक प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीचा मेल आला. विषय होता : ‘शिफारसपत्र – दोन विद्यापीठं – 15 डिसेंबरपर्यंत’. पहिल्या ओळीत कुठल्या वर्षी, कुठल्या विषयाला वर्गात होती ते. खाली दोन्ही ठिकाणच्या मुदती. सोबत गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा पानभर गोषवारा. शेवटी, ‘आपल्याला वेळ नसेल तर तसं कळवावं, मी दुसऱ्या सरांना विचारेन.’ उभ्या उभ्या वाचून झाला आणि तिथल्या तिथे होकार कळवला. नाही म्हणायची मोकळीक तिने दिली होती, म्हणून हो म्हणताना मनावर ओझं नव्हतं.

16 जानेवारी 1913 रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. ना ओळख, ना पदवी. रामानुजनने आरंभीच आपली नोकरी आणि वर्षाला 20 पौंड पगार सांगून टाकला, विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही हेही लपवलं नाही. सोबत सूत्रांनी भरलेली पानं जोडली. मागणं एवढंच, की यात काही मोलाचं आढळलं तर ते प्रसिद्ध व्हावं. त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांना लिहून काही हाती लागलं नव्हतं. हार्डींनी मात्र आपले सहकारी लिटलवुड यांना सोबत घेऊन ती पानं पारखली आणि 8 फेब्रुवारीला उत्तर धाडलं.

म्हणजे चांगल्या पत्रालाही उत्तर येईलच असं नाही. पण निर्णयाला लागेल ते सारं पत्रातच असलं, तर कुणीतरी एक जण थांबून ते पाहू शकतो. लिहिणाऱ्याच्या हाती तेवढंच असतं, आणि ते थोडं नाही.

तेव्हा मेल धाडण्याआधी एकदा समोरच्याच्या खुर्चीत बसून तो वाचा. आपण कोण, काय हवं, कधीपर्यंत, आणि त्यांनाच का विचारतो आहोत, हे पहिल्या चार ओळींत सापडलं नाही, तर पुन्हा लिहा. आपली दहा मिनिटं खर्चून दुसऱ्याची पाच वाचवणं, हीच खरी अदब.