दोन पट्ट्या

दुकानाची वाटणी होऊन दोन वर्षे लोटली होती. वाडा मात्र एकच राहिला. वर थोरली सून, खाली धाकटी, स्वयंपाकघरे निराळी. हिशेब चोख झाला, पण दोघी जावांचे बोलणे निरोपापुरतेच उरले. संवत्सरीला त्यांनी एकमेकींना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले, तेही उंबऱ्यात उभ्यानेच.

दिवाळीनंतर सासूबाईंनी लेकीच्या चार वर्षांच्या मुलीसाठी पोंचो विणायचे मनात घेतले. हात कापू लागल्याने त्यांना स्वतःला ते जमणार नव्हते. त्यांनी काम वाटून दिले : एक पट्टी थोरलीने विणायची, एक धाकटीने. नणंदेच्या मुलीचे काम. नाही कोण म्हणणार?

पोंचो हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील पेहराव. बाह्या नसल्यामुळे वाढत्या अंगाच्या मुलाला तो दोन-तीन हिवाळे सहज पुरतो. लोकर अर्थातच अॅक्रिलिकची होती. रेशमाचे कोष उकळत्या पाण्यात टाकतात हे कळल्यापासून सासूबाईंनी रेशीम सोडले होते आणि मेंढीच्या लोकरीबाबतही त्या काटेकोर होत्या. सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे त्यांनी वेष्टनावरचे आकडे वाचून पाहिले. लॉट बदलला की रंगात फरक पडू शकतो. शेवटी त्या व्यापाऱ्याच्या घरच्या!

मापे सोपी होती. 8 नंबरच्या सुया, 50 टाके, प्रत्येक ओळ सुलट, म्हणजे कडा वळत नाहीत. रुंदी 25 सेंटिमीटर, लांबी 50. पहिल्या पट्टीची आखूड बाजू दुसरीच्या लांब कडेला, एका टोकाशी शिवायची. तशीच दुसरीची आखूड बाजू पहिलीला. लांबीतून रुंदी वजा करून दुप्पट केली की गळ्याचा घेर येतो. येथे तो 50 सेंटिमीटर, चार वर्षांच्या डोक्याला पुरेसा.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी दोन्ही पट्ट्या चटईवर एकमेकींवर ठेवल्या. धाकटीची 25 सेंटिमीटर भरली, थोरलीची 23. टाके तितकेच, सुया त्याच, हात निराळे. तशाच जोडल्या असत्या तर पोंचो एका खांद्यावर ओढला गेला असता. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

“भाभी, माझीच उसवते. बारीक सुयांवर पुन्हा घेईन,” धाकटी म्हणाली.

“तुझी मापात आहे. माझाच हात घट्ट.”

थोरलीने शेवटचा टाका सोडला आणि धागा ओढू लागली. समोर बसून धाकटी गुंडा करीत गेली. दुसऱ्या दिवसापासून थोरली 7 नंबरच्या सुया घेऊन दुपारी खाली येऊ लागली. या सुयांचा नंबर जितका कमी, तितकी सुई जाड.

शिवण पुरी झाली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते.

“चौविहाराची वेळ होत आली, भाभी. पान इथेच वाढते.”

वर खिचडी तयार होती. थोरली जाऊन पातेले खाली घेऊन आली.